व्यासाच्या गावकीत किती दिवस राबायचं?

गावकी करणाऱ्याला गाव मिळत नाही. भाकरी मिळते, तीही शिळी आणि वरून टाकलेली. बेदरच्या पातशहानं म्हणे आपल्या वाडवडलांना बावन्न हक्कांची सनद दिली होती. बावन्न हक्क! मेलेलं ढोर ओढायचा हक्क, मढ्यावरच्या कापडाचा हक्क, खळ्यावरच्या मातेऱ्याचा हक्क. पण गावाची वेस कुठं घालायची आणि वेशीच्या आत कोण, बाहेर कोण, हे ठरवायचा हक्क या बावन्नांत नव्हता. ते जुनं गाऱ्हाणं उगाळायला आज बसलेलो नाही. आज बोलायचंय ते साहित्यातल्या गावकीबद्दल. ती गावकी आपली शिकली-सवरलेली पोरं आता हौसेनं करायला निघालीत म्हणून.

पुस्तकांच्या बाजारात एक तऱ्हा आहे. एखाद्या नामांकित लेखकानं एक कल्पित जग उभं केलेलं असतं. मग दहा-पंधरा लेखक गोळा करायचे, प्रत्येकानं त्याच जगात एकेक कथा लिहायची, संपादकानं ती मोळी बांधायची, आणि कव्हरावर मूळ धन्याचं नाव मोठ्या टायपात टाकायचं. अमेरिकेत लव्हक्राफ्ट नावाचा भयकथा लिहिणारा १९३७ साली मेला. त्याचा चेला ऑगस्ट डर्लेथ यानं १९६९ साली त्याच्या राक्षसी देवांच्या जगातल्या, अनेक हातांनी लिहिलेल्या कथांचा संग्रह काढला. आयझॅक असिमॉव्हच्या जगात तर त्याच्या मित्रलेखकांनी तो जिवंत असतानाच, १९८९ साली, कथा लिहून दिल्या. ज्यांना आवडतं त्यांनी करावं. त्यांचा तो खेळ आहे.

आपल्याकडं मात्र हा खेळ नाही. आपल्याकडं गेली दोन हजार वर्षं असा एकच संग्रह निघतोय. मूळ लेखक : व्यास. लिहिणारे : अनेक. मालक : ठरलेले. खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची, दुर्गाबाई भागवतांचं 'व्यासपर्व' १९६२ चं, इरावतीबाईंचं 'युगान्त' आणि शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' दोन्ही १९६७ ची, रणजित देसाईंचं 'राधेय' १९७३ चं. मराठी मध्यमवर्गाच्या कपाटात हा सगळा संग्रह ओळीनं लावलेला असतो. लेखक वेगळे, प्रकाशक वेगळे, पण गाव एकच. व्यासाचं.

आता त्या संग्रहात आमच्या राजूरच्या पोरांना जागा देऊ केलीय. शहरातल्या एका प्रकाशनाचं पत्रक आमच्याकडं हातोहात फिरतंय. त्यांचं नाव सांगत नाही, कारण एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात. पत्रकात लिहिलंय : महाभारतातल्या उपेक्षित पात्रांवर नव्या दमाच्या लेखकांच्या कथा हव्यात. खाली पात्रांची वाटणी दिलीय. कुंती, द्रौपदी, भीष्म, कर्ण या नावांपुढं 'निमंत्रित' असा शेरा. एकलव्य, हिडिंबा, घटोत्कच आणि कृष्णाला बाण मारणारा जरा व्याध, यांच्यापुढं 'दलित-आदिवासी लेखकांना प्राधान्य'. बघा दोस्तहो, कल्पित गावाचीसुद्धा वाटणी झाली. वाडा त्यांच्याकडं गेला. आमच्या वाट्याला परत रान, रांजण आणि वेशीबाहेरची जागा.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक ठाकराची पोरगी ते पत्रक घेऊन आली. म्हणाली, "दादा, हिडिंबा लिहू का? छापून येनार म्हनत्यात. पैसं बी देनार हायेत." तिच्या पिशवीत एक वही होती. म्हटलं, त्यात काय आहे? लाजली. म्हणाली, "काय नाय, आजीच्या गोष्टी. धरनाच्या पान्याखाली गेलेल्या वावरांच्या. त्या कोन छापनार?" मला तिचा राग आला नाही. राग आला तो त्या 'कोन छापनार'चा. वीस वर्षांच्या पोरीला स्वतःच्या आजीपेक्षा व्यासाची राक्षसीण जास्त छापण्याजोगी वाटावी, ही कमाई कुणाची? मी हे लिहितोय ते त्या वहीसाठी.

आधी ही मोळी बांधली कशी गेली ते बघू. महाभारत आपल्याच तोंडानं सांगतं की त्याचे टप्पे पडलेत. कुठं ८,८०० श्लोकांचा आकडा येतो, कुठं २४,००० चा, आणि शेवटी एक लाखाची ख्याती. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ साली चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, ते १९६६ साली पुरं झालं. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. म्हणजे हे एका माणसाचं लिखाण नाही, अनेकांची भर पडत गेलेला संग्रह आहे, हे कुणा विद्रोह्यानं नाही, पुण्याच्या पंडितांनीच सिद्ध केलं. त्याच संस्थेच्या डॉ. सुखठणकरांनी १९३६ साली दाखवून दिलं की भृगुकुळातल्या ब्राह्मणांनी आपल्या घराण्याच्या कथा या ग्रंथात ठिकठिकाणी घुसवल्यात. आणि ग्रंथातच बघा ना. नैमिषारण्यात कथा ऐकायला बसलेला मुख्य ऋषी शौनक. तो भार्गव. कथा सुरू व्हायच्या आधी तो काय मागतो? आधी आमच्या भृगुवंशाची हकिकत सांग. संपादकानं आपल्या आज्याचा फोटो पहिल्या पानावर छापून घ्यावा, तसं.

आणि सांगणारा कोण? उग्रश्रवा सौती. सूताचा पोर. ज्या सूतपणावरून कर्णाला भर सभेत हिणवलं, त्याच जातीचा माणूस ही सगळी कथा तोंडपाठ करून ऋषींपुढं उभा आहे. गळा त्याचा, स्मरण त्याचं. गावोगाव हिंडून कथा जिवंत ठेवली त्याच्या जातीनं. आणि ग्रंथ कुणाचा? व्यास स्वतः तर कोळणीच्या पोटचा. सत्यवतीचा. म्हणजे ज्याच्या नावावर गाव लागलंय तो होडी चालवणाऱ्या पोरीचा मुलगा, ज्यानं गाव गाऊन जागतं ठेवलं तो सूत, आणि सातबारा तिसऱ्याच्याच नावावर. याला बलुतं म्हणतात. काम आमचं, रास त्यांची.

काही मित्र लगेच म्हणतील, मग झालं तर, व्यास आपलाच, महाभारत आपलंच, लिहा की! एवढ्यात उड्या मारू नका. आज्यानं बांधलेल्या वाड्यात नातवाला शिरू देत नाहीत, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. वाडा कुणी बांधला एवढ्यानं भागत नाही. किल्ली कुणाकडं आहे तेही बघावं लागतं.

आता कर्ण घ्या. मराठी वाचकाला रडवायचं हमखास साधन. पिढ्यान्पिढ्या मराठी घरांत 'मृत्युंजय' वाचून पदर ओले झाले. आपल्यातलेही कितीतरी जण रडले. सूतपुत्र म्हणून हिणवलेला, चाबूक धर म्हणून टाकून बोललेला, गुणी पण जातीमुळं मारला गेलेला वीर. आपल्याला तो आपला वाटला. पण जरा डोकं शांत ठेवून विचार करा. कर्ण मोठा का? तो सूर्याचा आणि कुंतीचा म्हणून. कवचकुंडलं जन्मासोबत आलेली म्हणून. वाचक ज्यासाठी हळहळतो ती हळहळ अशी की अरेरे, क्षत्रियाला सूत समजले! सूताला सूत म्हणून हिणवणं वाईट, हे त्या कथेत कुठंय? अधिरथाला आणि राधेला पुढं स्वतःच्या पोटची पोरं झाली. तीही कर्णाचे भाऊच. त्यातले काही कुरुक्षेत्रावर अर्जुनाच्या बाणांनी मेले. एका ओळीत मेले. त्यांच्यावर किती कादंबऱ्या आल्या? त्यांच्यासाठी कुणाचा पदर ओला झाला? ते खरे सूत होते, म्हणून त्यांना कादंबरी नाही. ज्याच्या रक्तात राजवाडा निघतो त्यालाच दलितपणाची शोकांतिका शोभते, हा या जगाचा कायदा आहे. आणि कायदा व्यासाच्या गावचा असला तरी त्याखाली आपण सगळे जगलोय.

त्याहून पुढं जाऊ. लाक्षागृह. पांडवांना जाळायचा दुर्योधनाचा डाव आणि पांडवांची सुटका, हे सगळ्यांना ठाऊक. पण जळालेल्या घरात सहा मढी सापडली, म्हणून तर पांडव मेले असं जगाला वाटलं. ती सहा मढी कुणाची? एक निषाद बाई आणि तिची पाच पोरं. जेवणाच्या आशेनं आलेली. खाऊन-पिऊन निजलेली. भीमानं आग लावली, कुंती आणि तिचे पाच लेक भुयारातून निघून गेले. दुसऱ्या आईचे पाच लेक कोळसा झाले. त्यांना नावं नाहीत. एक लाख श्लोकांच्या ग्रंथात सहा नावांना जागा मिळाली नाही. विदुराला जन्म देणाऱ्या दासीलाही नाव नाही. अंबिकेनं आपल्याऐवजी तिला व्यासाच्या शेजेवर पाठवली. म्हणजे खुद्द ग्रंथकर्त्याच्या लेकराची आई, आणि ग्रंथात निनावी!

एकलव्याला नाव आहे. त्याचा अंगठा गेला एवढंच आपल्याला शाळेत सांगतात आणि वर गुरुभक्तीचं तात्पर्य चिकटवतात. पुढचं सांगत नाहीत. द्रोणपर्वात घटोत्कच मरतो तेव्हा पांडव रडतात आणि कृष्ण आनंदानं नाचतो. अर्जुन कारण विचारतो. तेव्हा कृष्ण हिशेब सांगतो : जरासंध, शिशुपाल आणि निषाद एकलव्य यांना तुमच्यासाठीच एकेक उपाय करून संपवलं. आणि हा घटोत्कच? तो यज्ञांचा आणि ब्राह्मणांचा द्वेष करणारा. आज मेला नसता तर पुढं मलाच मारावा लागला असता. घ्या! आपल्यासाठी लढून मेलेल्या डोंगरातल्या पोरासाठी ही श्रद्धांजली. खांडववन जाळलं तेव्हा अख्ख्या रानातून सहा जीव वाचले : तक्षकाचा पोरगा, मय दानव आणि चार शार्ङ्गक पाखरं. इरावतीबाईंनी या जाळपोळीवर बोट ठेवलं, ते मान्य केलंच पाहिजे. पण 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार देऊन मराठी जगानं तो प्रश्न कपाटात ठेवून दिला. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचं अभयारण्य १९८६ साली झालं, वनहक्क कायदा २००६ साली आला. रानातल्या माणसाला रानात राहायचा कागद मागावा लागतो, हे ज्याला राजुरात बसून दिसतं त्याला खांडववन ही पुराणातली गोष्ट वाटत नाही.

तर अशा गावात आमच्या पोरांनी कथा लिहायला जायचं. आणि लेखनस्वातंत्र्यवाले म्हणतात, अहो, ते कल्पित जग आहे, एवढं काय मनावर घेता?

कल्पित? नाशिक आमच्याहून लांब नाही. तिथं पंचवटीत काळाराम मंदिर आहे. वाल्मीकीच्या जगातलं एक ठिकाण. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथं सत्याग्रह सुरू झाला. त्या कल्पित जगाच्या दाराला खरं कुलूप होतं. रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर पडलेले दगड खरे होते. वर्षानुवर्षं झगडूनही दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांना सांगावं लागलं की हिंदू म्हणून मरणार नाही. त्याच नाशिकच्या डोंगरात चोवीस लेणी आहेत. त्रिरश्मी लेणी. बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली. सातवाहनांचे, क्षहरातांचे दानलेख भिंतीवर आहेत. गौतमी बलश्रीचा लेख आहे. आणि लोक त्यांना म्हणतात काय? पांडवलेणी! व्यासाच्या कल्पित पोरांनी आमच्या खऱ्या भिक्खूंची घरं बळकावली आणि पाट्यासुद्धा बदलल्या. कल्पित जग इतिहास गिळतं ते असं.

सरकारही त्याच जगात राहतं. खेळाडूंना अर्जुन पुरस्कार, १९६१ पासून. प्रशिक्षकांना द्रोणाचार्य पुरस्कार, १९८५ पासून. अंगठा कापून घेणाऱ्याच्या नावानं गुरूचा सन्मान! आणि आदिवासी मुलांच्या निवासी शाळांना, १९९७-९८ पासून, नाव एकलव्याचं. ज्याला शाळेत घेतलं नाही त्याच्या नावानं शाळा. कुणी हे ठरवलं त्याच्या मनात वाईट असेल असं मी म्हणत नाही. वाईट मनात नसतं तेव्हाच तर कळतं की गावाचा नकाशा किती खोल गेलाय. पोराला शाळेत घालतानाच सांगून ठेवलं : तू अर्जुन नव्हेस.

आणि कुणी हा नकाशा तपासायला बसलं तर? १९८७ साली महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागानं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. त्यात राम-कृष्णाच्या कोड्यावरचं परिशिष्ट होतं. केवढा गदारोळ! प्रती जाळल्या, परिशिष्ट वगळा म्हणून मोर्चे निघाले, आणि १९८८ साली आपल्या लोकांना मुंबईचे रस्ते भरून टाकावे लागले, तेव्हा कुठं ते राहिलं. तेही शासन या मताशी सहमत नाही अशी टीप चिकटवून. २०११ साली दिल्ली विद्यापीठानं रामानुजन यांचा रामायणाच्या अनेक रूपांवरचा निबंध अभ्यासक्रमातून काढला. म्हणजे नियम साफ आहे. आत येऊन कथा लिहा, चालेल. रडा, चालेल. जमिनीची मोजणी मागाल तर चालणार नाही.

हा नियम फक्त आपल्याकडचाच आहे असंही नाही. अमेरिकेत मार्गारेट मिचेलची 'गॉन विथ द विंड' १९३६ ची. गुलामांचे मालक कसे दिलदार आणि गुलामी गेल्यावर त्यांचे कसे हाल, त्याची कहाणी. तिच्या वारसांनी १९९१ साली एका गोऱ्या बाईकडून तिचा पुढचा भाग लिहवून घेतला. तो अधिकृत. २००१ साली अ‍ॅलिस रँडल या काळ्या लेखिकेनं तेच जग मळ्यावरच्या गुलाम मुलीच्या डोळ्यांनी लिहिलं. तिच्यावर वारसांनी खटला भरला, पुस्तकावर मनाई आणली. वरच्या कोर्टानं ती उठवली. तोच वाडा, तीच माणसं. पुढच्या दारानं आलेलीला मानधन आणि मागच्या दारानं आलेलीला समन्स. आणि तो लव्हक्राफ्ट? काळ्यांबद्दल, परदेशातून आलेल्यांबद्दल त्याच्या मनात विष होतं, ते त्याच्या कथांतही उतरलंय. त्याच्या जगात किती संग्रह निघाले, पण २०१६ साली व्हिक्टर लाव्हाल या काळ्या लेखकानं त्याचीच एक कथा हार्लेमच्या काळ्या पोराच्या बाजूनं उलटी फिरवली, तेव्हा त्या जगाचा खरा पंचनामा झाला. एक वर्ष आधी, २०१५ साली, एका मोठ्या पुरस्काराची बाहुली लव्हक्राफ्टच्या चेहऱ्याची होती ती लेखकांनी भांडून बदलायला लावली.

म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या जगात जाऊच नका असं माझं म्हणणं नाही. आपल्यातले काही कडवे मित्र म्हणतात, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण ते गाव सोडलं, आता तिकडं तोंड करून थुंकायचंही नाही. त्यांचा संताप मला कळतो. पण बाबासाहेब त्या ग्रंथांकडं पाठ करून बसले नव्हते. १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते' या पुस्तकात त्यांनी महाभारताच्या शांतिपर्वातला पैजवनाचा उल्लेख बाहेर काढला आणि विचारलं, शूद्र राजा यज्ञ करत होता, दक्षिणा देत होता, मग शूद्र हीन कसा? त्यांनी व्यासाच्या गावात जाऊन कथा लिहिली नाही. उतारा काढला. खातेफोड मागितली. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त तेच केलं. दशावतारांच्या जगात शिरले आणि एकेका अवताराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला. वामनाला खलनायक केला, बळीला राजा. हे नुसतं पुस्तकातही नव्हतं. दिवाळीत ओवाळताना आपल्या बाया बळीचं राज्य मागतच होत्या. जोतीरावांनी त्या मागणीला कागद दिला.

आणि डोंगरातल्या माणसानंही हे आपल्या परीनं केलंय. गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या डुंगरी भिलांचं स्वतःचं भारत आहे. भगवानदास पटेलांनी ते त्यांच्या तोंडून टिपून घेतलं. त्यात वासुकी नाग अर्जुनाला बांधून ठेवतो. आपला मोठा धनुर्धर तिथं हतबल. संपादकाची परवानगी कुणी मागितली? आपल्या शेजारी जव्हार-मोखाडा-सुरगाण्याच्या पट्ट्यात बोहडा होतो. रावण, भीम, नरसिंह, महिषासुर, सगळ्यांचे मुखवटे आपल्याच लोकांनी घडवलेले. रात्रभर संबळावर नाचायचं. आणि सकाळी? मुखवटा उतरवून ठेवायचा. शेतावर जायचं. यात शहाणपण आहे, ते ध्यानात घ्या. मुखवटा चेहऱ्याला चिकटला की माणूस मेला.

महाश्वेतादेवींनी लाक्षागृहातल्या त्या निषादीच्या सुनेला म्हाताऱ्या कुंतीपुढं आणून उभी केली आणि जाब विचारायला लावला. असं लिहायचं असेल तर जा. पण अटी घालून जा.

पहिली अट. वाटून दिलेलं पात्र घ्यायचं नाही. आदिवासी म्हणून हिडिंबा आणि दलित म्हणून एकलव्य, हे नव्या छपाईचं जुनं बलुतं आहे. तुला भीष्मावर लिहायचं असेल तर भीष्मावर लिही. त्याच्या प्रतिज्ञेपायी कोळ्यांचं काय झालं ते लिही.

दुसरी अट. ज्यांना नावं नाहीत त्यांना आधी नावं द्यायची. सहा मढ्यांची नावं. विदुराच्या आईचं नाव. खांडवातल्या सापांची नावं. गावात आपली नोंद नसेल तर तलाठ्याच्या दप्तरापासून सुरुवात करावी लागते.

तिसरी अट. मूळ कथेला धक्का लावणार नाही, असा करार कुणी पुढं केला तर त्यावर सही करायची नाही. धक्का लावायलाच चाललोय. अंगठा शाबूत ठेवायची मुभा नसेल तर त्या जगात बोटं कशाला झिजवायची?

चौथी अट. सकाळी परत यायचं. एक कथा त्यांच्या गावात, दहा कथा आपल्या गावात, हे माप ठेवायचं.

कारण खरा सवाल पुढचाच आहे. आपलं गाव कुणी लिहायचं? राजूर काय कमी आहे? शेजारी भंडारदऱ्याचं धरण. १९१० ला काम लागलं, १९२६ ला पुरं झालं. धरणाला गव्हर्नर विल्सनचं नाव, तळ्याला आर्थरचं नाव. ज्यांची वावरं बुडाली त्यांचं नाव कशालाच नाही. पाणी खाली श्रीरामपूर-राहुरीकडच्या उसाला गेलं. ही निषादीचीच गोष्ट आहे, फक्त आगीऐवजी पाण्यातली. देवगावचा राघोजी भांगरे. सावकारांशी आणि इंग्रजांशी झुंजला, २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. त्याच १८४८ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंची मुलींची शाळा सुरू झाली. एका सालाची ही दोन टोकं जोडायला कुठला व्यास येणार आहे? राजूरला भरणारं डांगी जनावरांचं प्रदर्शन आहे, प्रकल्प कार्यालयाच्या पायऱ्यांवर दाखल्यासाठी दिवस मोडणारी माणसं आहेत, आश्रमशाळेतल्या पोरी आहेत, महारवाडा आहे, ठाकरवाडी आहे आणि या दोन वाड्यांतलं न बोललेलं अंतरही आहे. तेही लिहा. आपल्या गावात आपण आपसात काय करतो ते झाकून ठेवलं तर आपणही एक दिवस नवे भार्गव होऊ.

याच अकोले तालुक्यातल्या धामणगावात दया पवार जन्मले. १९७८ साली 'बलुतं' आलं आणि मराठी साहित्याला सरकून जागा द्यावी लागली. दयानं कुणाचं जग भाड्यानं घेतलं नव्हतं. गाव आणि कावाखाना, जे होतं ते मांडलं. पण इथंही एक धोका सांगून ठेवतो. दया पवारांचं गावही भाड्यानं घेऊ नका. आज शहरातल्या प्रकाशकाला 'बलुत्या'सारखं अजून एक हवं असतं. तेवढीच भूक, तोच मार, तीच आई, शेवटी नोकरी आणि फ्लॅट. त्या साच्यात आपलं आयुष्य ओतून दिलं की तोही एक मोठ्या लेखकाच्या जगातला संग्रहच झाला. धनी आपला असला म्हणून वेठ गोड लागत नाही.

कल्पित गाव वसवायचंच असेल तर चांभाराच्या घरी जन्मलेल्या रविदासांनी पाचशे वर्षांपूर्वी वसवून ठेवलंय. बेगमपुरा. तिथं दुःख नाही, कर नाही, दुय्यम-तिय्यम कुणी नाही. त्या शहराला पाटील नाही, म्हणून त्याचे हक्क विकत घ्यायला अजून कुणी आलं नाही. अशा गावात दहा काय, दहा हजार जणांनी लिहावं. तिथं पात्रांची वाटणी करणारं पत्रक निघूच शकत नाही.

शहरातल्या त्या प्रकाशनाला आमचं उत्तर एवढंच. हिडिंबा, एकलव्य तुमचे तुम्ही लिहा. तुमच्याच ग्रंथातल्या पोराचा अंगठा तुमच्याच निमंत्रित लेखकानं कापून दाखवावा, हात थरथरतो का ते बघावं. आमचा अंगठा आम्हाला लागणार आहे. आणि ज्यांच्या पिशवीत आजीच्या वह्या आहेत, त्या सगळ्यांना सांगणं : या चक्रमुद्रित पानांवर मानधन मिळत नाही. पान आमचं, शाई आमची, गाव तुमचं. पुढच्या अंकाची पानं मोकळी ठेवलीत. बुडालेल्या वावरांपासून सुरुवात करा, आणि वावर कुणाचं होतं त्याचं नाव पहिल्या ओळीत लिहा.